कन्हानच्या घरातला जपानी पेला

कन्हान नदीचा पूल ओलांडला की कामठी लागते. तेथे जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने व सुलेखाताई कुंभारे यांच्या पुढाकाराने १९९९ साली ड्रॅगन पॅलेस विहार उभे राहिले. तेव्हापासून आम्हा कन्हानकरांना जपानी पाहुण्यांचे नवल राहिले नाही. एका कार्यक्रमात आम्ही पाणी वाटपावर होतो. जाताना एका वृद्ध जपानी उपासकाने मातीचा लहानसा पेला आमच्या हाती ठेवला.

घरी सौभाग्यवतीने त्यात चहा दिला. पुढे एका जाणकार मित्राने पाहून सांगितले, "अहो, हा तर साके पिण्याचा पेला! साके म्हणजे तांदळाची दारू."

पंचशील घेतलेल्या घरात दारूचा पेला? मुलगा म्हणाला, "बाबा, फेकून द्या." आमची म्हातारी आई म्हणाली, "मातीचा काय दोष, बाबू? आपण ओतू तेच त्यात राहील." पेला राहिला.

मित्राने त्याची कुळकथा सांगितली. हा पेला ओकायामा प्रांतातील बिझेनचा. तेथे भातशेताखालची चिकण माती वापरतात. वरून चकाकीचा लेप देत नाहीत. पाइनच्या लाकडांवर भट्टी दहा-दहा दिवस धगधगते. उडालेली राख भांड्यावर बसून वितळते, तीच त्याची नक्षी. आपला माठ कमी आचेवर भाजतात, म्हणून तो पाझरतो आणि पाणी थंड करतो. हा पेला बाराशे अंशांवर तापून दगडासारखा घट्ट होतो.

पेल्याच्या बुडाशी कारागिराची खूण आहे. बिझेनचे कुंभार कानेशिगे तोयो यांना जपान सरकारने १९५६ साली 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. तेथेही बुराकू म्हणून हिणवलेला समाज आहेच. पण मातीत राबणाऱ्या हाताला राष्ट्राने मान दिला, हेही खरे.

आणि आपण? जातीने नुसती कामे वाटली नाहीत, माणसेच उच्चनीच पायऱ्यांवर बसवली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. आम्ही कन्हानच्या बाजारात वर्षानुवर्षे एकाच कुंभाराकडून माठ घेतला. बोटाने वाजवून पाहिला, दोन रुपयांसाठी घासाघीस केली. पण त्याचे नाव कधी विचारले नाही. परवा विचारले. तो आधी घाबरला, मग हसला आणि बसायला पोते पुढे केले.

वाचकहो, यंदा माठ घेताल तेव्हा घडवणाऱ्याचे नाव अवश्य विचारा.