बर्लिनच्या कोपऱ्यावरचे कबाबचे दुकान

बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात तुर्की लोकांची मोठी वस्ती आहे. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी मजूर बोलावले. त्यांत खेड्यांतून आलेलेही पुष्कळ होते. आज इथे जागोजाग डोनर कबाबची दुकाने दिसतात. उभ्या सळईवर मांसाचे थर रचून ती आचेसमोर फिरवायची, भाजलेला भाग लांब सुरीने तासून पावात भरायचा. वर कोबी, कांदा, टोमॅटो आणि लसणीची पातळ चटणी.

अशाच एका दुकानापुढे आम्ही अर्धा तास उभे होतो. बरोबरचा पुण्याचा विद्यार्थी गिऱ्हाइकांची बोलणी मला मराठीत सांगत होता. एका आजीबाईंच्या मते पाव गरम असला म्हणजे बाकी सारे माफ! एक तरुण आधी सळई निरखी. जर्मनीत डोनरमध्ये खिमा ६० टक्क्यांपर्यंतच चालतो, आणि सळई फार गुळगुळीत दिसली की त्याला संशय येतो. कांद्यावरून तर दोन मित्रांत चक्क वाद झाला.

खरी कुरकुर मात्र भावाची. २०२० च्या सुमारास चार युरोला मिळणाऱ्या डोनरला आता सात-आठ युरो पडतात. एक गवंडी म्हणाला, पूर्वी रोज येत असे, आता फक्त शुक्रवारी. मालकाने मांस, वीज, भाडे यांचे रडगाणे ऐकवले. तेही खोटे नव्हते. मग मुकाट्याने त्याच्या पावात मांसाचा आणखी एक चिमटा घातला.