वास राहिला का?

आमच्या माहेरी गौरीच्या नैवेद्याला आंबेमोहराचाच भात लागे. मावळातल्या आमच्या चार खाचरांपैकी बांधालगतचे एक लहानसे खाचर आबांनी या एका भातासाठी राखून ठेवले होते. त्याचे पीक थोडे, काड उंच; जरा जोराचा वारा सुटला की ते आडवे पडे. परंतु लोंब्या निसवू लागल्या म्हणजे बांधावरून जाणारा मनुष्य क्षणभर थांबे, इतका त्याला वास असे.

मी सातवीत होते त्या वर्षी नवरात्राच्या सुमारास आभाळ भरून राहिले. रात्री गारवा, पहाटे दाट दव. चार दिवसांत पानांवर होडीच्या आकाराचे ठिपके दिसू लागले, कडेला तपकिरी आणि मध्ये राखेच्या रंगाचे. आबांनी ते पाहून 'करपा' एवढाच शब्द उच्चारला. पुढे लोंबीच्या बुडाशी काळा पट्टा पडला, दाणे भरण्यापूर्वीच लोंब्या पांढऱ्या पडल्या. उभे शेत दुरून पिकल्यासारखे दिसे आणि हातात घ्यावे तो सारे पोचट. पुढच्या वर्षी गौरीला आईने वाण्याकडून आणलेला तांदूळ शिजवला. ती काही बोलली नाही. पण ताटे वाढताना तिने आबांकडे पाहिले नाही, हे मला अजून आठवते.

१९८४ मध्ये लग्न होऊन मी दिल्लीस आले. माझे यजमान भारतीय कृषि अनुसंधान संस्थेत, भाताच्या शेतांवर कामाला होते. ही संस्था १९०५ साली बिहारमधील पुसा या गावी स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तिची मोठी हानी झाली आणि १९३६ मध्ये ती दिल्लीस आली. येताना तिने गावाचे नावही बरोबर आणले. त्यामुळे दिल्लीकर आजही त्या साऱ्या परिसराला पुसाच म्हणतात. मावळातून आलेल्या मला राजधानीच्या मध्यावर भाताची खाचरे पाहून जे हायसे वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

त्यांच्या कामाचे मला प्रथम हसू येई. भाताचे फूल ते केवढे! तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या फुलात सहा पुंकेसर असतात. संध्याकाळी फुलाचा शेंडा कात्रीने छाटावयाचा, चिमट्याने सहाही पुंकेसर अलगद काढावयाचे आणि लोंबीवर कागदी पिशवी चढवावयाची. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढले की दुसऱ्या वाणाची फुललेली लोंबी आणून तिचे पराग त्यावर झटकावयाचे. एवढे करून दाणे धरत ते मोजके. सप्टेंबरात हे घरी जेवायला बसत तेव्हा बोटे आखडलेली असत. मी एकदा विचारले, "तुम्ही भात पिकवता की त्याची लग्ने लावता?" ते म्हणाले, "लग्न सोपे आहे. सून घरात रुळायला फार वर्षे लागतात."

त्यांच्या बोलण्यातला अर्थ मला पुढे कळला. १९८९ मध्ये 'पुसा बासमती १' हे ठेंगणे, अधिक उत्पन्न देणारे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. त्याला सुवास होता, लांबी होती. परंतु कडा करप्यापुढे त्याचा निभाव लागत नसे. हा रोग जिवाणूंचा. पान शेंड्याकडून कडेकडेने पिवळे पडत जाते आणि शेवटी पेंढ्यासारखे वाळते. आबांच्या शेतात आला होता तो बुरशीचा करपा. हा त्याहून निराळा. त्याला फवाऱ्याने आवरणेही अवघडच. रोपाच्या अंगातच प्रतिकारशक्ती असणे हा खरा उपाय होता.

ती शक्ती बासमतीत नव्हती. ती सापडली आफ्रिकेतल्या माली देशातील एका रानटी भातात. कोणी पेरीत नाही, कोणी खात नाही, असे ते गवत. त्याची रोगाला दाद न देण्याची शक्ती १९७७ मध्ये आपल्या कटकच्या भात संशोधन संस्थेत दिसून आली. पुढे फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेत डॉ. गुरुदेव सिंग खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून तो गुण लागवडीच्या भातात उतरविला. त्या जनुकाला 'एक्सए २१' असे नाव पडले. त्याच्या जोडीला 'बीजे १' या जुन्या भारतीय वाणातले 'एक्सए १३' हे दुसरे जनुक घेतले गेले. एकाच कुलपावर भरवसा ठेवला तर जिवाणूला कधीतरी किल्ली सापडते. म्हणून दाराला दोन कुलपे.

खरी कसोटी येथून पुढे होती. संकर केला की परक्याचे चांगले तेवढेच येत नाही, सारेच येते. म्हणून संततीचा पुन्हा मूळ बासमतीशी संकर करावयाचा, पुन्हा निवडावयाचे. प्रत्येक वेळी परके रक्त निम्म्याने घटते. त्यातही 'एक्सए १३' मोठे लबाड. आई आणि बाप या दोघांकडून ते आले तरच त्याचा गुण प्रकट होतो. एकाकडूनच आले तर ते रोपात मुकाट्याने लपून राहते, आणि वरून पाहणाऱ्याला वाटते, येथे काही नाही. पूर्वी अशा रोपाची परीक्षा करायला त्याची आणखी एक पिढी वाढवावी लागे. आता पानाचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत नेऊन, त्या जनुकाजवळची खूण पाहून, रोप कोवळे असतानाच निवाडा होतो. विज्ञानाने वर्षे वाचविली ती अशी. शेतातली कात्री आणि चिमटा मात्र सुटला नाही.

२००६ च्या सप्टेंबरात आबा आमच्याकडे आले होते. परवानगी काढून ह्यांनी त्यांना शेत दाखवायला नेले, मीही गेले. तेथे दोन ओळी शेजारी शेजारी होत्या. एक कडेने वाळून गेलेली, दुसरी हिरवीगार. "हिच्यावर रोग आला नाही?" आबांनी विचारले.

"आला नाही कसा? आम्हीच दिला," हे म्हणाले. कात्री जिवाणूंच्या पाण्यात बुडवून दोन्ही ओळींच्या पानांचे शेंडे कापले होते. दोन-तीन आठवड्यांनी डाग किती उतरला, ते पट्टीने मोजावयाचे.

जन्मभर रोगाच्या भीतीने शेत राखलेल्या माणसाला, कोणी हौसेने पिकाला रोग लावतो, हे पचायला जरा वेळ लागला. मग ते बांधावर उकिडवे बसले, हिरव्या ओळीतले एक पान बोटांत चुरडून त्यांनी नाकाशी नेले आणि म्हणाले, "जावईबापू, वास राहिला का?"

हे हसले. तोच प्रश्न तेथे सारे विचारीत, असे त्यांनी सांगितले. रोगाला दाद न देणारी कितीतरी रोपे केवळ वास गेला, दाणा आखूड झाला किंवा भात शिजल्यावर लांबला नाही, म्हणून टाकून द्यावी लागतात. त्या रात्री मी मुद्दाम बासमती शिजवला. आबांनी दोन घास घेतले, चांगला आहे म्हणाले, आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "आमच्या आंबेमोहराचे असे कोण करील?"

ह्यांनी उत्तर दिले नाही. काय देणार? बासमतीच्या निर्यातीतून देशाला हजारो कोटी रुपये मिळतात. तिच्यासाठी माणसे, पैसा, यंत्रे उभी राहतात, आणि तसे होणे मला गैर वाटत नाही. पण एका खाचरापुरत्या भाताला असा वाली मिळणे कठीण, हेही तितकेच खरे.

२००७ मध्ये 'सुधारित पुसा बासमती १' प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये १८४७, १८८५ आणि १८८६ या क्रमांकांची तीन वाणे आली. ती अनुक्रमे १५०९, ११२१ आणि पुसा बासमती ६ यांची सुधारलेली रूपे. यांत कडा करप्याच्या दोन जनुकांखेरीज बुरशीच्या करप्याविरुद्धची आणखी दोन जनुके आहेत. त्यांची निकड वाढविली ती परदेशच्या गिऱ्हाइकाने. करप्यावरील ट्रायसायक्लाझोल या औषधाचा तांदळात चालणारा अंश युरोपने किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणला आणि २०१८ पासून फवारलेला माल बंदरावर अडकू लागला. सोनिपतचे आमचे एक परिचित शेतकरी म्हणतात, "बहेनजी, फवारणी वाचली म्हणजे पैसाही वाचला आणि छातीही." तरी झंडा रोग, ज्यात रोप फिकट आणि झेंड्यासारखे उंच वाढून मरते, त्यांच्या शेतात अजून येतोच. चार जनुकांनी साऱ्या रोगांचा बंदोबस्त होत नाही. शिवाय रोगाचे जंतूही बदलत असतात. हे निवृत्त झाले; शेतावरचे काम निवृत्त झालेले नाही.

आबा २०११ मध्ये गेले. त्यांच्या हयातीतच आमच्या तीन खाचरांत इंद्रायणी आली होती. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळ येथे तयार होऊन १९८७ मध्ये प्रसारित झालेले हे वाण. उत्पन्न चांगले, वासही आहे. "आंबेमोहराची लेक आहे, पण आजोळचे नाक घेतले नाही," असे आई म्हणत असे. चौथे, बांधालगतचे खाचर दादा अजून आंबेमोहरालाच देतो. नैवेद्यापुरते झाले तरी पुरे, असे त्याचे म्हणणे.

गेल्या आश्विनात त्याचा फोन आला. मावळात आभाळ भरून होते. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "ताई, भाऊजींना जरा दे. पानांवर ठिपके दिसताहेत. होडीसारखे आहेत की निराळे, ते मला नीट समजत नाही." ह्यांनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला, जणू फोनमधूनच ते पान दिसणार होते, आणि विचारले, "मधला रंग सांग. राखेसारखा आहे का?"