विसळणाचं पाणी

आमच्या पुण्याच्या वाड्यात धुणं हे एक काम नव्हतंच. भिजवणं, घासणं, चुबकणं, दगडावर आपटणं, बुचकळणं, विसळणं, पिळणं, झटकणं आणि काठीनं दांडीवर टाकणं, अशी ती अख्खी वरात. त्यातलं विसळणं पोरांच्या वाट्याला, कारण त्याला म्हणे अक्कल लागत नाही. ज्यानं हे ठरवलं त्यानं कधी बादलीतला क्रम सांभाळला नसावा.

क्रम असा. बादलीभर स्वच्छ पाण्यात आधी पांढरे, मग फिकट, मग रंगीत, मग पंचे. सगळ्यांत शेवटी पायपुसणं. ते पाणी फेकायचं नाही. त्यात दुसऱ्या घाण्याची पहिली विसळण. मग त्यानंच मोरी घासायची, अंगण शिंपायचं, आणि उरलंच तर संडासाच्या बादलीत. एकच पाणी चार घरची कामं करून मग गटाराला लागे. आमच्यातल्या थोरल्यांना हा हिशोब पानशेतनं पक्का शिकवला. १२ जुलै १९६१ ला पानशेतपाठोपाठ खडकवासल्याचं धरणही फुटलं. पूर ओसरला आणि नळ कोरडे पडले. तेव्हा वाड्यांतले आड आणि जुने हौद पुन्हा माणसांत आले. विसळणाच्या पाण्याला तेव्हापासून जी किंमत आली, ती नळ परतल्यावरही उतरली नाही.

साबणाचंही तसंच. ५०१ ची लांबलचक वडी दोऱ्यानं कापायची, तुकडे कपाटावर वाळवायचे. वाळला की कमी झिजतो. चिपट्या उरल्या की नव्या वडीला चिकटवायच्या. रेशमी, गरम कपड्यांना रिठ्याचं पाणी. मग पिवळ्या पाकिटातली निरमा आली. स्वस्त, आणि फेस तर असा की पोरं खूश! पण फेस जास्त म्हणजे विसळणं जास्त, हे गणित आमच्या दंडांना आधी कळलं.

शेवटची विसळण मात्र ताज्या पाण्यात, आणि पांढऱ्यांना तिच्यात नीळ. नीळ मळ काढत नाही, पिवळट झाक निळ्यानं मारते, एवढंच तिचं काम. पण तिची पुरचुंडी फडक्यात नीट न बांधता कुणी तशीच सोडली, की काकांच्या धोतरावर नकाशे उमटत. मग ते धोतर महिनाभर घरातच नेसलं जाई, आणि विसळणाराचं नाव रोज जेवताना निघे. सुती साडीला नीळ झाली की भाताच्या पेजेची खळ. ती विसळायची नाही. हे विसरणारंही घरात एक असेच.

आता यंत्राच्या बटणावर ‘रिन्स’ असतं. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. पुढे काही जाणकार त्याचं मूळ ‘ताजं’ या लॅटिन शब्दात शोधतात. असेल बुवा. आमच्याकडे ताजं पाणी शेवटच्या खेपेलाच मिळायचं. यंत्र मात्र दर खेपेला नवं पाणी घेतं आणि जुनं नळीवाटे सरळ जाळीत ओततं. घरातल्या थोरल्या बायकांना ते बघवेना. पहिल्याच आठवड्यात बहुतेक घरांत नळीचं तोंड जाळीतून निघून बादलीत आलं. यंत्र बसवून देणारा माणूस म्हणाला, ‘‘आजी, अशी नळी काढायची नसते.’’ त्याला चहा दिला, आणि तो जिना उतरेपर्यंत दुसरी बादली लावून झाली होती.