गांडुळाले खानदान नसते काय?

गोष्ट पावसाळ्यातली आहे. सेलू तालुक्यातली आमची छोटी शाळा, तीन दिवसांची झड आणि अंगणभर काळा चिखल. पाचवीच्या फळ्यावर मी लिहिलं, ‘अपृष्ठवंशीय प्राणी’. मागच्या बाकावरच्या एका मुलाला वाचायला सांगितलं. तो पाठ वाकवून, मान खाली घालून उभा राहिला. शब्द काही फुटेना.

“नीट उभा राहा की! पाठीला कणा नाही का? गांडूळ आहेस काय?” मी बोलून गेलो. वर्ग खो खो हसला. तो मुकाट्याने खाली बसला.

मग मी शब्द फोडून दाखवला. ‘अ’ म्हणजे नाही, ‘पृष्ठ’ म्हणजे पाठ. तेवढ्यात तोच मुलगा हळूच म्हणाला, “सर, वंश म्हंजे खानदान ना जी? मंग गांडुळाले खानदान नसते काय?”

प्रश्न मोठा छान होता! संस्कृतात ‘वंश’ म्हणजे बांबूसुद्धा. बांबूला जशी पेरं, तसे आपल्या कण्याला मणके. म्हणून पाठीचा हा बांबू म्हणजे पृष्ठवंश. मुलांनी सापालाही बिनकण्याचा ठरवलं होतं, पण त्याला तर शेकडो मणके!

“मंग कणा नाही तं गांडूळ मातीत घुसते कसं?” त्याचा पुढचा प्रश्न.

आम्ही व्हरांड्यात गेलो. एक गांडूळ ओल्या पानावर घेतलं. त्याच्या अंगातल्या प्रत्येक कड्यात पाणीदार द्रव असतो. स्नायू आवळले की द्रव दाबला जातो, कडं ताठ होतं आणि शरीर पुढे सरकतं. बारीक राठ केस मातीला धरून ठेवतात. खेकड्याचं कवच, गोगलगाईचा शंख, कपाशीवरच्या बोंडअळीचं मऊ अंग, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

फ्रान्सच्या लामार्कने १८०१ साली अशा बिनकण्याच्या प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. डार्विनने तर १८८१ साली आपलं शेवटचं पुस्तक गांडुळांवरच लिहिलं. जगातल्या प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी शंभरात नव्वदांहून जास्त बिनकण्याच्याच आहेत. म्हणजे कणा असलेले आपणच थोडे! तरी नाव मात्र त्यांच्याकडे जे नाही, त्यावरून पडलं.

मीही तेच केलं होतं. त्या मुलाला जे जमत नव्हतं, त्यावरून त्याला नाव ठेवलं होतं. सगळ्यांसमोर म्हणालो, “मघाशी तुला गांडूळ म्हणालो, ते माझं चुकलं.”

तो गांडूळ अलगद मातीत सोडत म्हणाला, “जाऊ द्या ना सर. आमच्या वावरात लई हाय हे. बाबा म्हणते, हे हाय तं माती हाय.”

या वेळी तो सरळ उभा होता.