ताटे उचलणारे हात

बारावीनंतर आमच्या चिरंजीवांनी कम्युनिटी कॉलेजात आतिथ्य-व्यवस्थापनाच्या पदविकेसाठी नाव घातले, तेव्हा धुळ्याच्या आमच्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. ‘शिकून-सवरून हॉटेलात ताटे उचलणार?’ हा आमचा प्रश्न. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायरीवर कोणी चौकशी केली, की ‘मॅनेजमेंट करतो आहे’ असे सांगून आम्ही विषय बदलीत असू. संत पेत्राने अंगणात जे केले तेच आम्ही पायरीवर करीत होतो, याचे भान तेव्हा नव्हते.

वास्तविक, ही कॉलेजे आपल्या ख्रिस्तसभेला परकी नाहीत. १९९६ साली मद्रासच्या कॅथलिक महाधर्मप्रांताने असे एक कॉलेज उघडले. येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनी ही चळवळ देशभर नेली. महागड्या शिक्षणाच्या वाटेवर मागे पडलेल्यांच्या हाताला कौशल्य मिळावे, हा तिचा हेतू. २०१३-१४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानेही अशा कॉलेजांसाठी योजना आखली.

या अभ्यासात वर्गाइतकेच महत्त्व प्रत्यक्ष कामाला. चिरंजीवांना त्यासाठी जळगावचे एक हॉटेल मिळाले. अजिंठ्याची लेणी तेथून सुमारे ६० किलोमीटर. देशोदेशीचे प्रवासी जळगाव स्टेशनावर उतरतात. एका सायंकाळी आम्ही व सौभाग्यवती न कळवताच तेथे जाऊन बसलो.

शेजारच्या टेबलावर एक थकलेले वृद्ध जोडपे होते. आमच्या मुलाने आधी पाणी ठेवले, तिखट कितपत चालेल ते विचारले, मग भरीत आणि कळण्याची भाकरी आणली. याच जळगावी वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे त्याने अभिमानाने सांगितले. आजोबांचा हात कापत होता. कोणाच्या ध्यानी येणार नाही अशा बेताने त्याने वाटी जवळ सरकवली. नंतर आमच्याकडे वळून, तितक्याच अदबीने म्हणाला, ‘या पप्पा, या मम्मी. काय आणू?’ आमच्या तोंडून शब्द फुटेना.

परतताना त्याने स्वयंपाकघर दाखविले. कच्च्या मांसाचा पाट निराळा, भाजीचा निराळा. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली. ज्याला आम्ही ताटे उचलणे म्हणत होतो, त्यात अनोळखी माणसाच्या जिवाची एवढी काळजी होती.

लॅटिनमध्ये यजमान आणि पाहुणा या दोघांनाही ‘होस्पेस’ हा एकच शब्द आहे. ‘हॉस्पिटल’ही त्याच कुळातले. अब्राहामाने भर उन्हात तीन वाटसरूंना बोलावून जेवू घातले. प्रभूने तर कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. दरवर्षी पवित्र गुरुवारी आम्ही तो विधी भक्तिभावाने पाहतो, आणि तेच काम पोटच्या मुलाने पत्करले तर मान खाली घालतो!

पुढच्या रविवारी पायरीवर कोणी विचारण्याची आम्ही वाट पाहिली नाही. आपणहोऊन सांगितले, ‘मुलगा हॉटेलात पाहुण्यांना जेवू घालतो.’