आडवी न येणारी वाट

मॅनहॅटन म्हटलं की सरळ रेषांत आखलेलं, आकड्यांच्या रस्त्यांचं शहर डोळ्यांपुढे येतं. पण बेटाच्या उत्तरेला, १५५व्या रस्त्याच्या पुढे, पूर्वेची कडा एकदम हार्लेम नदीकडे कोसळते आणि आकड्यांची शिस्त तिथे संपते. एवढ्या उभ्या उतारावर घरं बांधणं कुणाला परवडलं नसावं. म्हणून ती जागा बाग म्हणून उरली. हायब्रिज पार्क तिचं नाव. १५५व्या रस्त्यापासून डाइकमन स्ट्रीटपर्यंत पसरलेली, सुमारे ११९ एकरांची, अरुंद आणि लांबलचक. वर वॉशिंग्टन हाइट्सच्या विटांच्या इमारती, खाली नदी, आणि मधे ओक, मेपल, ट्यूलिप वृक्ष यांचं रान. त्यांच्या बुंध्यांमधून शिस्ट नावाचा खडक बाहेर डोकावतो. त्यात इतका अभ्रक असतो की ऊन पडलं की तो लखलखतो. तो सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी घडलाय म्हणतात. शहर त्याच्या पाठीवर काल येऊन बसलं.

उरलेल्या जागेच्या नशिबी जे येतं तेच या उताराच्या नशिबी आलं. शहर कंगाल झालं त्या १९७०च्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं, नको झालेलं सगळं वरून खाली ढकलायची ही जागा होती. मोटारींचे सांगाडे, गाद्या, टायर, इंजेक्शनच्या सुया. १९९५मध्ये अभिनेत्री बेट मिडलरनं न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट ही संस्था काढली, तिनं सुरुवातीला हातात घेतलेल्या बागांत ही होती. मग २००७मध्ये डोंगरी सायकल चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी उद्यान खात्याशी बोलणी करून इथे सुमारे तीन मैलांच्या वाटा खोदल्या. न्यूयॉर्क शहरात माउंटन बाइकला कायद्यानं मोकळ्या असलेल्या त्या पहिल्या वाटा. बाग साफ करणाऱ्यांना जे पुरतं जमलं नव्हतं ते या वाटांनी केलं. जिथे रोज कुणी ना कुणी जातं तिथे गादी टाकून द्यायला माणूस कचरतो.

मी या वस्तीत राहते. सायकल मला बेताचीच येते. मी जाते ती माती ओढायला.

कामाचा दिवस बहुधा शनिवारी असतो. जमणारी मंडळी सगळ्या तऱ्हेची. रात्रपाळी उरकून आलेली एखादी नर्स, सुतार, शाळेच्या समाजसेवेचे तास भरायला आलेली पोरं, आणि ज्यांच्या पोटऱ्यांवरून पक्के सायकलवाले ओळखू येतात असे चार-सहा जण. कोपऱ्यावर डोमिनोचा डाव मांडून बसलेले डॉमिनिकन आजोबा आमच्या खांद्यांवरची अवजारं बघून स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणतात आणि हसतात. आधी सूचना होतात. शेजाऱ्याला अवजार लागणार नाही एवढं अंतर ठेवा. तीन पानांची ती चकचकीत वेल दिसली तर हात लावू नका, आठवडाभर खाजवाल. उतारावर आडवं चालताना अवजार नेहमी दरीच्या बाजूच्या हातात धरा, पाय घसरला तर ते आपल्या अंगापासून लांब टाकता येतं.

अवजारांत दोन मला फार आवडतात. एकाला म्हणतात मॅक्लाउड. लांब दांडा, पात्याच्या एका बाजूला दाताळं, दुसऱ्या बाजूला धार. ओढायला, खरवडायला, चोपून बसवायला एकच. दुसरं पुलास्की. एका तोंडाला कुऱ्हाड, दुसऱ्याला कुदळ. हे नाव एड पुलास्की या आयडाहोतल्या वनरक्षकाचं. १९१०च्या भयंकर वणव्यात त्यानं आपल्या टोळीला खाणीच्या बोगद्यात कोंडून धरलं आणि बहुतेकांचे जीव वाचवले. मुळं आली की कुऱ्हाड, माती आली की कुदळ, नुसतं मनगट फिरवायचं. आमच्या सातारच्या लोहारानं ते पाहिलं असतं तर दोन दिवसांत दुसरं घडवून दिलं असतं.

आता मातीजवळ येऊ. उतारावर आधी पाचोळ्याचा थर बाजूला सारायचा. त्याखाली काळी, भुसभुशीत, बुरशीचा वास येणारी माती. आपल्याला वाटतं, हीच ती चांगली माती. झाडांसाठी आहेच, पण वाटेसाठी तिचा उपयोग नाही. पाणी धरते आणि चाकाखाली लोण्यासारखी पसरते. ती उपसून उताराखाली लांब भिरकावायची, कडेला ढीग मात्र होऊ द्यायचा नाही. मग खाली तांबूस, खडेरी, घट्ट माती लागते. कुदळीचा आवाजच बदलतो. मधेच काचेचा तुकडा, बाटलीचं बूच, गादीची गंजकी स्प्रिंग. ती हातमोज्यांनी उचलून बादलीत टाकायची आणि पुढे सरकायचं. अशा तऱ्हेनं डोंगराच्या अंगात एक खाच तयार होते. आतली बाजू तिरकी तासून वरच्या उताराला मिळवायची. तळ मात्र सपाट ठेवायचा नाही. बाहेरच्या कडेकडे किंचित कललेला हवा, मीटरभर रुंदीला पाचेक सेंटिमीटर. चालताना तो कल पायाला कळत नाही. पाण्याला कळतो.

कारण हा सगळा खटाटोप पाण्यासाठी आहे. नवख्या माणसाला वाटतं की वाट झिजते ती चाकांनी. चाकं झिजवतात खरी, पण चाकोरी पडली की तिच्यातून पाणी धावायला लागतं आणि चाकांनी वर्षभरात केलं नसतं ते एका वादळी रात्रीत करून जातं. म्हणून पावसानंतर ओल्या वाटेवर सायकल घालणाऱ्याला इथे मवाली समजतात. वाट आखणाऱ्यांचा ठोकताळा असा की, डोंगराचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्याहून वाट जास्त चढू द्यायची नाही, आणि एकूण चढण सरासरी दहा टक्क्यांच्या आत ठेवायची. निम्म्याच्या वर गेलात की पाणी वाट ओलांडायची सोडून वाटेनंच धावू लागतं. मधूनमधून चढणीतच एखादा छोटा उतार ठेवायचा, म्हणजे चुकून धावू लागलेलं पाणी तिथे बाहेर पडतं. पुण्यात पर्वतीच्या मागे, तळजाईवर माणसांनी नाकासमोर चढत पाडलेल्या पायवाटा दर पावसाळ्यात खोल होत ओघळ का झाले, हे मला इथे, हार्लेम नदीच्या काठी, कळलं.

या बागेला पाण्याचं हे शास्त्र नवं नाही. तिला नाव मिळालं ते हाय ब्रिजवरून, आणि तो पूल मुळात पाण्यासाठी बांधला. क्रोटन नदीचं पाणी ४१ मैल चालवत न्यूयॉर्कला आणलं गेलं, ते १८४२मध्ये शहरात पोचलं. पंप नाही, इंजिन नाही. मैलाला जेमतेम तेरा इंचांचा उतार आणि त्यावर विश्वास. १८४८मध्ये पुरा झालेल्या या पुलावरून ते पाणी हार्लेम नदी ओलांडत असे. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणणारे पेशव्यांचे कारागीर त्याआधी शंभरेक वर्षं हेच करत होते. पुढे १९२७च्या सुमारास नदीतल्या दगडी कमानी जहाजांना अडथळा होतात म्हणून काढल्या आणि तिथे पोलादी कमान घातली. १९७०च्या आसपास पूल बंद झाला, तो २०१५मध्ये पुन्हा चालणाऱ्यांना आणि सायकलींना खुला झाला.

त्यानंतर कधीतरी माझे मामा आले होते. कोरेगाव तालुक्यातले, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले शेतकरी. २०१६च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावाबरोबर त्यांनीही उन्हाळाभर टेकडीवर घाम गाळला होता. ए-फ्रेम लावून समतल रेषा काढण्यात ते पटाईत. मी मोठ्या अभिमानानं त्यांना आमची वाट दाखवायला नेलं. मामा उकिडवे बसले, वाटेच्या कडेवर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“पोरी, ह्यो तर बाहेर कललाय. पाणी खाली सोडून दिलंस की.”

“सोडायचंच असतं मामा. थांबलं तर वाट जाते.”

“आन् गेलं तर जमीन जाती. आमी चर खणून मेलो, हितं तुमी पाण्याला वाट मोकळी करून देताय व्हय?”

मी पाऊसमान सांगितलं. इथे वर्षाला साडेबाराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही बारा महिन्यांत विभागून. मामांना ते पटलं नाही. पाण्याच्या बाबतीत आकड्यांवर जाणारा माणूस नव्हे तो. मग ते वाटेवरून खाली उतरले, झाडाच्या आधारानं, आणि पाचोळ्यात हात खुपसला. कोपरापाशी पोचेपर्यंत खुपसला. वास घेतला. वर येऊन म्हणाले, “मुरतंय खाली. तुमचा चर झाडांनी खणून ठेवलाय. आमच्या टेकडीवर झाडं नव्हती, म्हणून आमाला खणाय लागला.” आणि लगेच पुढे, “पर ही झाडं तोडू नका म्हंजे झालं.” कित्येक टन माती हलवून आम्ही जे शिकलो त्याचा निकाल त्यांनी मूठभर पाचोळ्यावर लावला. पाणी अडवणारा आणि पाणी सोडणारा दोघंही एकाच रेषेवर उभे असतात, हे त्या दिवशी लक्षात आलं. दोघांनाही ते सावकाश जायला हवं असतं.

वाटेच्या खाली, नदीच्या काठानं, आज हार्लेम रिव्हर ड्राइव्हवर मोटारी सुसाट धावतात. त्या जागी १८९८मध्ये हार्लेम रिव्हर स्पीडवे खुला झाला होता. ऐपतदारांनी आपले घोडे आणि घोडागाड्या दौडवायच्या आणि बाकीच्यांनी बघायचं. सायकलींना तिथे मज्जाव होता. १९१९मध्ये तो मोटारींना मोकळा केला गेला आणि घोडे लवकरच दिसेनासे झाले. आता त्या महामार्गाच्या कडेला, पाण्यालगत, सायकलींसाठी एक अरुंद पट्टा आहे. ज्यांच्यासाठी सगळ्यांना दूर ठेवलं त्यांचा मागमूस नाही, आणि ज्यांना दूर ठेवलं ते रोज घंटी वाजवत जातात.

वरच्या वाटांवर नियम उलटा आहे. चाकानं पायाला वाट द्यायची. कुत्रा फिरवायला आलेली आजी दिसली की सायकलवाल्यानं थांबायचं. हे नेहमीच सुखासुखी होतं असं नाही. बागेत सायकली नकोतच, त्या मुळं उघडी पाडतात, पाखरं उडवतात, असं म्हणणारे शेजारी आहेत आणि त्यांचं सगळंच चुकीचं नाही. चुकीच्या जागी आखलेली वाट खरंच मुळं उघडी पाडते. त्यावरचं उत्तर भांडणात सापडत नाही. ते कुदळीनं द्यावं लागतं. वाट थोडी वर सरकवायची, मुळांवर दगड बसवायचे, जुनी वाट उकरून तिच्यावर पाचोळा आणि फांद्या पसरायच्या, की ती रानाला परत मिळते.

यातली गंमत अशी की नीट बांधलेली वाट कुणाच्या नजरेत भरत नाही. वस्तीतला पोरगा हेल्मेट वाकडं घालून वळणावरून सुटतो तेव्हा त्याला वाटतं, डोंगर असाच होता. चालणाऱ्याला वाटतं, इथे चिखल होतच नाही. श्रेय मागायची सोय नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. परक्या शहरात मला बरीच वर्षं एखादी जागा आपली वाटावी अशी इच्छा होती. ती कागदपत्रांनी पुरी झाली नाही. इथे झाली, आणि तीही अशा जागी जिच्यावर माझा काडीचा हक्क नाही. पाणी आलं, त्याला जाऊ दिलं. माणूस आला, त्याला जाऊ दिलं. मालकीची एवढीच खूण मला पुरते. पानगळ झाली की निचऱ्याच्या तोंडांशी पाचोळा अडतो, तो काढायला माणसं नेहमी कमी पडतात. सायकल येते का, असं तिथे कुणी विचारत नाही.