आजीची सीमा आणि माझे 'जर'

इतिहासात जर-तरला स्थान नसते, हे वाक्य आपण प्राध्यापक मंडळींनी वर्गात कधी ना कधी उच्चारलेले असते. साहित्याच्या तासाला मात्र ते फार वेळ टिकत नाही. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा शिकवताना विश्वासराव वाचले आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले, एवढे कळले की वर्ग खुलतो. एकदा मी विद्यार्थ्यांना स्वतःचे एखादे 'जर' लिहून आणायला सांगितले. बहुतेकांनी हरलेली लढाई जिंकून आणली. त्या वह्या तपासताना जाणवले, की असे एक 'जर' मीही विद्यार्थिदशेपासून जवळ बाळगून आहे. त्यात लढाई नाही. त्यात ब्रिटिश गोव्यातून परत जात नाहीत, इतकेच.

ही कल्पना अगदीच हवेतली नव्हे. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला; फ्रेंच आरमार पश्चिम किनाऱ्याकडे वळेल, या भीतीने १७९९ मध्ये, टिपूच्या पाडावानंतर काही महिन्यांतच, वेलस्लीने गोव्यात फौज धाडली. काबो, आग्वाद अशा मोक्याच्या जागी इंग्रज शिपाई बसले. गव्हर्नर पोर्तुगीज, निशाण पोर्तुगीज, पहारा मात्र लाल डगल्यांचा, अशी ही विलक्षण व्यवस्था १८१३ पर्यंत चालली. मधल्या काळात, १८०७ मध्ये, नेपोलियनचे सैन्य पोर्तुगालात शिरले आणि तिथला राजपरिवार ब्राझीलला निघून गेला. गोवा गिळायला याहून सोयीची वेळ कोणती असणार? त्याच युद्धपर्वात इंग्रजांनी डचांकडून सिलोन आणि केप घेतले व कायमचे ठेवले; १८११ मध्ये घेतलेले जावा मात्र १८१६ मध्ये परत केले. म्हणजे पारडे कुठेही झुकू शकत होते. पोर्तुगाल साम्राज्याच्या स्पर्धेत प्रतिस्पर्धी असला, तरी युरोपात इंग्रजांचा जुना मित्र होता. गोवा वाचला तो बहुधा या मैत्रीमुळे. दोना पावलाला राजभवनाच्या वाटेवर त्या काळाची खूण म्हणून ब्रिटिशांचे एक लहानसे कबरस्तान उरले आहे.

माझ्या 'जर'चे मूळ मात्र या कबरस्तानात नाही, आमच्या घरात आहे. माझी आजी पेडण्याची. लग्न होऊन सावंतवाडीला आली. माहेर आणि सासर यांच्यामधले अंतर काही कोसांचे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली. पुढे दोन वर्षांनी आजीची आई वारली. ती बातमी वाडीत पोहोचेपर्यंत तेरावाही होऊन गेला होता. "माका आवशीक बघूचां होतां," एवढे एकच वाक्य ती त्या विषयावर बोलत असे.

एम.ए.ला असताना मी तिच्यासाठी इतिहास दुरुस्त केला. १८१३ मध्ये फौज परत गेली नाही. गोवा मुंबई इलाख्यात आला. १९४७ मध्ये वाडीबरोबरच पेडणेही स्वतंत्र झाले. सीमा उरलीच नाही. मराठीची विद्यार्थिनी म्हणून मला त्यात आणखीही लाभ दिसत होते. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये ज्या भूमीवर आला आणि टॉमस स्टीफन्स या जन्माने इंग्रज असलेल्या जेझुइटाचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये जिथे छापले गेले, तिथली छपाई पुढे बंद पडली ती १८२१ पर्यंत. इंग्रजी गोव्यात ही पोकळी लवकर भरली असती. मांद्र्याच्या भाऊ दाजींना कदाचित शिक्षणासाठी मुंबई गाठावी लागली नसती.

मोठ्या उत्साहाने मी हे सारे आजीला ऐकवले. तांदूळ निवडता निवडता तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, की पेडण्याला तिच्या भावाने भाटाचा एक तुकडा विकायला काढला, तेव्हा बायकोच्या सहीवाचून तो व्यवहार होईना. आणि आजोबांनी वाडीची शेती विकली तेव्हा? "माजी सय कोणी मागूक नाय."

पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. नवराबायकोच्या मिळकतीत बायकोचा निम्मा वाटा, हे त्यातले सर्वसाधारण तत्त्व. माझ्या दुरुस्त इतिहासात तो कायदा आलाच नसता. एका सीमेपायी आजीने आई गमावली होती. ती सीमा पुसताना मी तिच्या भावजयीची सही पुसत होते, आणि हे माझ्या गावीही नव्हते.

पुसले जात होते ते एवढेच नव्हे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आजीच्या एका भावाने फुलावर शिक्का मारला, दुसऱ्याने दोन पानांवर. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळे राहणे. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी गोवा वेगळा राहिला. दोघे भाऊ काही दिवस एकमेकांशी बोलत नव्हते म्हणे. इंग्रजी गोव्यात हे भांडण झालेच नसते, कारण आपण कोण, हे त्या दोघांना कुणी विचारलेच नसते. माझ्या 'जर'ने तो प्रश्न दीडशे वर्षे आधीच, त्यांच्या वतीने आणि माझ्या सोयीने, सोडवून टाकला होता. मराठी माणसाच्या गोव्याविषयीच्या प्रेमात ही सोय किती खोल मुरलेली असते, ते मला आजीच्या स्वयंपाकघरात कळले.

तेव्हापासून मी पर्यायी इतिहास वाचताना एक हिशेब मांडते : लेखकाचे कोणते दुःख इथे मिटले आणि त्याची किंमत कुणाकडून वसूल झाली? विद्यार्थ्यांच्या वह्या परत देताना मी प्रत्येकाला आणखी एक पान लिहायला सांगितले. तुमची लढाई जिंकल्यावर जे जन्मालाच आले नाही, त्याची यादी करा. वर्ग थोडा हिरमुसला. माझ्या स्वतःच्या यादीत सध्या एक सही आहे आणि दोन मते. दुसऱ्या बाजूला आजीचे ते एकच वाक्य आहे, आणि दोन्ही बाजू जुळवण्याची युक्ती मला अजून सापडलेली नाही.